मुलांच्या हाती कोरं कापड द्या : झेंडा, मांडणशिल्प आणि आपला वर्ग



ऑगस्ट जवळ आला की बहुतेक शाळांत एकच उपक्रम दिसतो. व्हॉट्सअॅपवर 'तिरंगा रंगवा'ची पीडीएफ येते, आपण तिच्या झेरॉक्स काढतो, मुलं वीस मिनिटांत तीन पट्टे रंगवून मोकळी होतात. मग आपण विचारतो, "केशरी रंग कशाचं प्रतीक?" वर्ग एका सुरात म्हणतो, "त्यागाचं!" फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, उपक्रम संपतो. त्याग म्हणजे काय, हे मात्र मुलांना कुणी विचारत नाही.

माझं मत स्पष्टच सांगतो. लहान मुलाच्या आयुष्यातलं सगळ्यात ताकदीचं चिन्ह म्हणजे झेंडा. तो शाळेत आहे, देवळावर आहे, नाक्यावर आहे, मिरवणुकीत आहे. आणि नेमकं तेच चिन्ह आपण पाठांतरावर सोडून दिलं आहे. त्याऐवजी वर्षातून एकदा तरी सगळ्या शाळेने मिळून झेंड्यांचं मांडणशिल्प करावं, त्यात पालकांनीही हात घालावा, असं मला वाटतं. का आणि कसं, ते पुढे लिहितो. यात कुठे अडचण येऊ शकते तेही लिहितो, कारण अडचण आहे.

आधी आजूबाजूला बघू

आमच्या बेगडेवाडीचंच उदाहरण घ्या. पुणे-लोणावळा लोकलने येणाऱ्यांना हे स्टेशन माहीत असेल. देहूरोडच्या पुढचं आणि घोरावाडीच्या अलीकडचं. लोकलच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतात. २०२२ पासून रेल्वेने या पदाला 'ट्रेन मॅनेजर' असं नाव दिलं आहे, पण आपण सगळे अजून गार्डच म्हणतो. त्यांच्याजवळ लाल आणि हिरवी झेंडी असते. हिरवी म्हणजे चला, लाल म्हणजे थांबा. इथे हिरव्या रंगाला ना धर्म आहे, ना पक्ष. सगळ्यांनी मिळून ठरवलंय म्हणून त्याचा अर्थ 'चला' असा आहे, एवढंच.

देहू इथून जवळच. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी आकुर्डीमार्गे पुण्याकडे निघते, तेव्हा दिंडीच्या पुढे पताकाधारी वारकरी चालतात. ती भगवी पताका कुणाला हरवून लावलेली नाही; आपण कुठल्या वाटेने चाललोय एवढंच ती सांगते. देहूरोडला बुद्धविहार आहे. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. अशा ठिकाणी पंचशील ध्वज दिसतो : निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी. म्हणजे पालखीतल्या पताकेशी नातं सांगणारा एक रंग बौद्ध ध्वजातही आहे, आणि तिरंग्याच्या वरच्या पट्ट्यातही आहे. तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा, आणि तिन्ही ठिकाणी तो अर्थ कुणाच्या तरी जिव्हाळ्याचा.

मराठीत यासाठी शब्द तरी किती आहेत बघा : झेंडा, झेंडी, ध्वज, पताका, निशाण, गुढी, जरीपटका. रेल्वेच्या हातातली झेंडी आणि शाळेच्या स्तंभावरचा ध्वज यांत आपली भाषाच फरक करते. 'अटकेपार झेंडे लावणे' हा वाक्प्रचार १७५८ च्या मराठ्यांच्या स्वारीतून आला. मुलं तो वाक्यात उपयोग करून दाखवतात, पण झेंडा लावणं म्हणजे 'आम्ही इथे आलो' असं सांगणं असतं, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर वाक्प्रचाराला जीव येतो.

मुलांना घरापासून शाळेपर्यंत दिसणारे झेंडे एक दिवस मोजायला सांगा. किती दिसले, कुणी लावले, कशासाठी लावले. पाच-सहा वर्षांची मुलंसुद्धा चिक्कार यादी आणतात. कुणी दुकानाच्या उद्घाटनाच्या पताका मोजतं, कुणी ट्रकमागचं लाल फडकं. ते फडकंही झेंडाच आहे की नाही, यावर वर्गात मस्त वाद होतो. तो होऊ द्या.

मांडणशिल्प म्हणजे काय?

शब्द जड वाटेल, पण गोष्ट ओळखीची आहे. दिवाळीत आपली मुलं किल्ला करतात तो काय असतो? माती, दगड, पोतं, पेरलेली मोहरी, चित्रं, आणि वर टाचणीला चिकटवलेला कागदी झेंडा. तो भिंतीवर टांगता येत नाही, विकता येत नाही. त्याच्याभोवती फिरून बघावा लागतो. शेजारचा बंड्या येऊन त्यात एक मावळा ठेवून जातो. हेच मांडणशिल्प, आणि बघणाऱ्याने काही केल्याशिवाय पूर्ण होत नसेल तर ते सहभागी मांडणशिल्प. लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलांना हे वेगळं शिकवायची गरज नाही.

कलाकारांनी झेंडा घेऊन असं काम जगभर केलंय. तीन उदाहरणं सांगतो. ती मुलांनाही कळतात.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता, जे. जे. मध्ये शिकलेल्या. 'इथे सीमा नाही' असा मजकूर छापलेली पिवळी चिकटपट्टी त्यांनी घेतली. रस्ता खोदताना किंवा अपघाताच्या जागी लावतात तशी दिसणारी. त्या पट्टीने त्यांनी भिंतीवर अक्षरं चिकटवली, आणि त्या ओळींचा मिळून एक झेंडा तयार झाला. झेंडा म्हणजे हद्द, आणि पट्टी म्हणते हद्द नाही! याच बाईंनी दुसऱ्या एका कामात शंभर लोकांना आपल्या देशाचा नकाशा आठवणीने काढायला सांगितला. देश एकच, पण हात बदलला की रेषा बदलली. हा प्रयोग सातवीच्या भूगोलात उद्या करता येईल.

जपानचे युकिनोरी यानागी यांनी रंगीत वाळूने देशोदेशीचे झेंडे पारदर्शक डब्यांत भरले, डबे नळ्यांनी जोडले आणि आत मुंग्या सोडल्या. मुंग्या आपल्या कामाला लागल्या; या झेंड्याची वाळू त्या झेंड्यात नेऊ लागल्या. हळूहळू सगळ्या झेंड्यांच्या रेषा विस्कटल्या. १९९३ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात हे काम गाजलं. मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मुंग्यांना पासपोर्ट लागत नाही का?" यापेक्षा चांगला प्रश्न आपल्याला तरी सुचेल का?

तिसरं उदाहरण अमेरिकेतल्या सोन्या क्लार्क यांचं. तिथल्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा एक लढाऊ झेंडा होता, तो आजही सगळ्यांना माहीत आहे. पण १८६५ मध्ये शरण जाताना त्यांनी जे पांढरं कापड दाखवलं, ते एक साधं भांडी पुसायचं फडकं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात नाही. क्लार्क यांनी आधी, २०१५ मध्ये, तो लढाऊ झेंडा लोकांना शेजारी उभं करून एकेक धागा ओढत उसवायला घेतला. बराच वेळ खपूनही जेमतेम थोडासाच उसवला गेला. मग २०१९ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी ते विसरलेलं फडकं प्रचंड आकारात विणून मांडलं, आणि येणाऱ्यांना मागावर बसून तसंच कापड विणायला दिलं. द्वेषाचं चिन्ह सोडवायला किती चिकाटी लागते आणि समेटाचं चिन्ह हाताने करावं लागतं, हे त्या लोकांच्या बोटांना कळलं असणार. भाषण ऐकून ते कळत नाही.

पण आपला तिरंगा?

इथे खरी अडचण सुरू होते. "झेंड्यावर प्रश्न विचारायला शिकवलं तर मुलांचा आदर कमी होईल," असं पालकसभेत कुणीतरी म्हणणारच. हा आक्षेप मी हलका मानत नाही. आदर सवयीने येतो. सावधानमध्ये उभं राहून मान वर करून ध्वजाकडे बघताना अंगावर काटा येतो, तो समजावून आणता येत नाही. ध्वजवंदन तसंच राहिलं पाहिजे.

पण तिरंगा घडला कसा ते बघा. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्टला मादाम कामांनी जो झेंडा फडकावला, त्यावर मधोमध 'वन्दे मातरम्' लिहिलेलं होतं. तो पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जपून ठेवला आहे. आधी विचारून घेऊन मुलांना तिथे न्यायला काय हरकत आहे? लोकलनेच जायचं.

१९२१ मध्ये पिंगली वेंकय्यांनी गांधीजींपुढे जो झेंडा मांडला, त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा, असा तेव्हाचा अर्थ. बाकीच्यांसाठी पांढरा आला, चरखा आला. मग लोकांनी विचारलं, आम्ही कुठे आहोत? धर्मागणिक रंग वाटायला लागलो तर संपणार कुठे? १९३१ मध्ये काँग्रेसने यासाठी समिती नेमली. समितीने तर संपूर्ण केशरी झेंडा सुचवला होता! तो स्वीकारला गेला नाही. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे ठरले आणि स्पष्ट सांगितलं गेलं की या रंगांना धर्माचा अर्थ नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. डॉ. राधाकृष्णन यांनी त्याच सभेत अर्थ उलगडून सांगितला : केशरी म्हणजे निःस्वार्थ वृत्ती, पांढरा म्हणजे सत्याची वाट, हिरवा म्हणजे मातीशी आणि झाडापेरांशी असलेलं आपलं नातं.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. चौथीतल्या एका मुलाने चित्र रंगवताना हिरवा खडू बाजूला सारला. "हा आपला नाही," म्हणाला. झाड रंगवायचं होतं! वर्गातली दोन-तीन पोरं हसली, एक पोरगी खाली मान घालून बसली. हे त्याला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. कुठेतरी मोठ्यांच्या बोलण्यातून, मोबाइलवरून ते आलं. रागावण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, "मग लोकल सुटताना गार्ड कुठली झेंडी दाखवतात? आणि ज्वारीचं शेत कुठल्या रंगाचं असतं?" तो विचारात पडला. मग मी या झेंड्याची १९२१ ते १९३१ ची गोष्ट सांगितली.

'हा रंग कुणाचा?' हा त्या मुलाचा प्रश्न पूर्वी सगळ्या देशाला पडला होता. उत्तर शोधायला देशाला दहा वर्षं लागली, आणि उत्तर आलं : कुणा एकाचा नाही. ही गोष्ट सांगितल्याने आदर कमी कसा होईल? मान खाली घालून बसलेल्या मुलीला तर ती कळलीच पाहिजे.

आणि लोकांनी झेंड्यात सहभाग घेणं हेही आपल्याला नवं नाही. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात माणसं तुकड्या-तुकड्यांनी झेंडा घेऊन बंदी असलेल्या भागाकडे चालत जायची आणि अटक करून घ्यायची. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारचा शाळकरी शिरीषकुमार झेंडा हाती धरूनच गोळीला सामोरा गेला. झेंड्याचा अर्थ त्यांनी रंगवून शिकलेला नव्हता.

एक रेषा मात्र पाळायची

मांडणशिल्प करायचं म्हणजे तिरंग्याला कात्री लावायची, असा अर्थ कुणी काढू नये. १९८९ मध्ये शिकागोच्या एका कलाशाळेत एका विद्यार्थ्याने अमेरिकेचा झेंडा जमिनीवर अंथरला आणि त्याच्या पलीकडे अभिप्राय लिहायची वही ठेवली. वहीपर्यंत जायचं तर झेंड्यावर पाय पडणार की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. देशभर गदारोळ झाला. मोठ्यांच्या कलादालनात याची चर्चा व्हावी, जरूर व्हावी. प्राथमिक शाळेत याची गरज नाही आणि आपला कायदाही त्याला परवानगी देत नाही.

आपल्याकडे १९७१ चा राष्ट्रीय सन्मानांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २००२ ची ध्वजसंहिता सांगते : ध्वजाची लांबी-रुंदी ३:२, त्यावर काही लिहायचं नाही, सजावटीचं कापड म्हणून वापरायचा नाही, जमिनीला लागू द्यायचा नाही. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर आणि यंत्रावर केलेले ध्वजही चालतात, पण मान तोच. तेव्हा नियम साधा ठेवा : तिरंगा ध्वजस्तंभावर, उपक्रमाचा कच्चा माल म्हणून तिरंगा नाही, तिरंग्यासारखे तीन पट्टे नाहीत, अशोकचक्र नाही. तसंच कुठल्याही धर्माचा वा पक्षाचा तयार झेंडाही नाही. जे दुसऱ्याच्या श्रद्धेचं आहे ते आपण कापायचं नाही, हेही मुलांनी शिकावं.

तर करायचं कसं?

पटसंख्या वीस असो की दोनशे, खर्च जवळजवळ शून्य आहे.

१. प्रत्येक मुलाने घरातून हातरुमालाएवढा जुन्या कापडाचा तुकडा आणायचा. आईची साडी, आजोबांचं धोतर, वडिलांचा कंपनीचा युनिफॉर्म, धाकट्याचं दुपटं, काहीही. शाळेत थोडं मांजरपाट आणून ठेवा. ज्याने आणलं नाही त्याने मुकाट्याने त्यातून घ्यावं. 'का नाही आणलं' असं विचारू नका. आपल्याकडे बांधकामावर, वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांची मुलं आहेत, त्यांच्या घरात जादाचा तुकडा असेलच असं नाही.

२. प्रश्न एकच द्या : "तुझा झेंडा कशासाठी उभा राहील?" माझा पक्ष, माझी जात, माझा संघ असं उत्तर आलं तर खोडू नका, "आणि तू एकटा असताना कशासाठी?" असं पुढे विचारा. पाण्यासाठी, बहिणीसाठी, गावाकडच्या बैलासाठी, अशी उत्तरं यायला लागतात.

३. झेंड्यावर अक्षर नको. धावदोरा, ठिगळ, बटणं, मातीचा रंग, हळद, काय हवं ते वापरू द्या. अक्षर नसलं की मुलाला चिन्ह शोधावंच लागतं. भाषेच्या तासालाही हा उत्तम व्यायाम आहे. उपमा आणि प्रतीक यांतला फरक इथे हाताने कळतो.

४. व्हरांड्यात मुलांच्या उंचीवर सुतळी बांधा आणि चिमट्यांनी झेंडे लावा. कुणाचा वर, कुणाचा खाली असं नको. नंबर नको, बक्षीस नको. बक्षीस ठेवलं की पालक रात्री जागून झेंडा शिवतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

५. आता पालकांना बोलवा. प्रत्येकाच्या हाती एक दोरा द्या. ज्या झेंड्याविषयी काही विचारावंसं वाटतं त्याला दोरा बांधायचा आणि ज्याचा आहे त्या मुलाला विचारायचं. सांगायचं की नाही ते मुलाने ठरवायचं. "हे माझं मी ठेवतो," म्हणायची मोकळीक हवीच. मुलाच्या घरची गोष्ट हे प्रदर्शन नव्हे. शेवटी एकही झेंडा दोऱ्याशिवाय राहू नये, याची जबाबदारी मोठ्या वर्गातल्या मुलांवर द्या.

६. एक सुतळी रिकामी ठेवा. तिच्यावर पालकांनी, आजी-आजोबांनी, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी आपला झेंडा लावायचा. मुलांना तो समजला नाही तर मुलं दोरा बांधतील, आणि उत्तर मोठ्यांना द्यावं लागेल. माझ्या मते सगळ्या उपक्रमातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे.

७. मांडणी आठवडाभर ठेवा, मग उतरवा. पुढे काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं. कुणाला आपला तुकडा घरी न्यायचा असेल तर न्यावा. उरलेल्यांची गोधडी शिवता येईल, वाचनकोपऱ्यात अंथरायला. गोधडीत कुठल्याही तुकड्याला मालकी सांगता येत नाही आणि एकही तुकडा हरवत नाही.

पालकांना दोन गोष्टी

मुलाच्या झेंड्यात दुरुस्ती करू नका. रंग चुकलाय, वाकडा शिवलाय, हे सांगायचा मोह आवरा. आणि घरी बोलताना, टीव्हीसमोर बसल्यावर, 'त्यांचा रंग' आणि 'आपला रंग' असे शब्द तोंडात येतात का, याकडे लक्ष असू द्या. मुलं ऐकत असतात. वर्गात खडू बाजूला सारणारा हात घरून शिकून येतो, आणि जवळ घेणारा हातही घरूनच शिकतो.

शिक्षकांना वेळेची चिंता असते, ती रास्त आहे. कलाशिक्षण, कार्यानुभव, भाषा, इतिहास आणि नागरिकशास्त्र असे सगळे तास मिळून हे काम आठ-दहा तासिकांत बसतं. त्यातून जे मिळतं ते उत्तरपत्रिकेत मोजता येणार नाही. पण पुढच्या पंधरा ऑगस्टला सावधानमध्ये उभं असलेलं मूल वर बघेल, तेव्हा त्या कापडामागे किती माणसांनी किती वर्षं वाद घालून एकमत केलं, हे त्याला माहीत असेल.

तेव्हा यंदा झेरॉक्सचे पैसे वाचवा आणि सोमवारच्या परिपाठाला मुलांना एवढंच सांगा : उद्या घरून एक जुनं कापड घेऊन या.